चार तासांची झोप आणि नऊ व्होल्टची बॅटरी

(पत्र लांब होतं. मुद्द्याचं तेवढं ठेवलंय.)

ताई,

माझं वय २६. गाव बीड जिल्ह्यात, पण तीन वर्षं झाली पुण्यात कॉट बेसिसवर राहून राज्यसेवा करतोय. पूर्व निघते, मुख्यला अडतो. दिवाळीनंतर माझ्या रूम पार्टनरनं एक डबी बनवली. त्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक रेझिस्टर, दोन वायरी आणि भांडी घासायच्या स्पंजात खोचलेल्या स्टीलच्या दोन पट्ट्या. स्पंज मीठ-पाण्यात बुडवायचे, एक कपाळाच्या डाव्या अंगाला, दुसरा उजव्या भुवईवर, वरून पट्टा बांधायचा. मेंदूला बारीक करंट मिळतो आणि फोकस वाढतो, परदेशात लोक घरीच करतात, असं त्यानं व्हिडिओत बघितलं. आधी मी वीस मिनिटं करायचो, आता सकाळ-संध्याकाळ पाऊण-पाऊण तास.

पहिले काही दिवस काहीच वाटलं नाही. मग मात्र जादू झाली. रात्री चार तास झोपलो तरी फ्रेश. विचार इतके भराभर येतात की लिहायला हात पुरत नाही. स्वतःचा ऑनलाइन क्लास काढायचं ठरवलंय, त्यासाठी ॲपवरून चाळीस हजार उचलले. पोरं म्हणतात मी हल्ली चिडका झालोय, पण ते त्यांचं. त्रास एवढाच की डावीकडे कपाळावर रुपयाएवढा तपकिरी डाग पडलाय, त्याच्या मधोमध छोटी जखम आहे. बॅटरी काढताना डोळ्यांपुढे वीज चमकते.

मागच्या वर्षी मला डिप्रेशनच्या गोळ्या होत्या, दोन महिन्यांत बंद केल्या. मामांना दोनदा दवाखान्यात ठेवलं होतं, घरी त्यावर कोणी बोलत नाही.

मेंदूला इजा तर झाली नसेल ना? डाग जाईल का? बॅटरी लवकर उतरते म्हणून पार्टनर मोबाईलच्या चार्जरवर चालवू म्हणतोय, चालेल का? की रेडीमेड मशीन मागवू? तो म्हणतो, तेहतीस हजार सेशन झाली तरी कुणाला काही झालं नाही असा पेपर आहे. अभ्यासिकेतल्या दोघांनाही त्यानं डबी करून दिलीय, त्यातल्या एकाला लहानपणी फिट यायची.

– तुमचा वाचक

*

चार्जरचं आधी. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल, पण चार्जरचा विषय आत्ताच्या आत्ता बंद कर आणि पार्टनरलाही बंद करायला लाव. बॅटरी कितीही बिघडली तरी तिच्यात नऊ व्होल्टच असतात. चार्जरच्या पलीकडच्या टोकाला भिंतीतले २३० व्होल्ट असतात, आणि ते व तुझं डोकं यांच्या मध्ये उभं असतं ते चार्जरच्या आतलं इन्सुलेशन. स्वस्तातला चार्जर लावून धातूच्या पाठीचा फोन हातात धरला की बोटांना मुंग्या येतात, हे तू अनुभवलं असशील. ती त्या इन्सुलेशनमधून झिरपणारी वीज. कोरड्या बोटाला ती मुंगीएवढीच जाणवते. तू मात्र तिला मीठ-पाण्यानं भिजवलेल्या, जखम झालेल्या कपाळावर आणि तेही दोन्ही बाजूंनी वाट करून देणार. चार्जर आतून गेला तर मेंदू बिंदू राहू दे बाजूला, जीवच जाईल.

आता तुझा पहिला प्रश्न. तू जे लिहिलंयस त्यावरून मेंदू भाजला, जळला, पेशी मेल्या असं काही झालं असेल असं मला वाटत नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीतून निघालेला बराचसा करंट कातडी आणि कवटीवरूनच वळसा घेऊन दुसऱ्या स्पंजात जातो. २०१८ साली मृतदेहांवर मोजमाप करून संशोधकांनी दाखवलं की, कातडी, खालचं मांस आणि हाड मिळून तीन चतुर्थांशाच्या आसपास करंट वाटेतच खाऊन टाकतात. तेव्हा त्या भीतीनं रात्र काढू नकोस.

पण रात्र काढतोयसच ना तू. मला तुझ्या पत्रात खटकलं ते तिथंच. कपाळाच्या डागावर तू पाच ओळी लिहिल्यास (त्यातल्या काही मी कापल्या), आणि 'चार तास झोपलो तरी फ्रेश' हे फायद्याच्या खात्यात टाकून पुढे गेलास. मी मात्र तिथे थांबले. झोप कमी झाली आणि माणूस दमला, चिडला, तर त्याला आम्ही निद्रानाश म्हणतो. झोप कमी झाली आणि तरी अंगात जोर वाढला, विचार धावायला लागले, नवे बेत सुचायला लागले, न परवडणारं कर्ज घेतलं गेलं, आणि आजूबाजूचे म्हणाले की हा बदललाय, तर मनोविकारतज्ज्ञ कान टवकारतो. याला हायपोमेनिया म्हणतात, म्हणजे उन्मादाची सौम्य पायरी. ती वाढली तर पुरा मेनिया होतो. तेव्हा माणूस दोन-तीन तासांवर येतो, पैसे उधळतो, भांडणं ओढवतो, आणि त्याला वाटत असतं की आपण आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर चाललोय.

हे पत्रावरून केलेलं निदान नव्हे, पत्रावरून निदान होत नाही. पण तुझ्या बाबतीत दोन गोष्टी आणखी आहेत. एक, मागच्या वर्षी डिप्रेशन होतं. दोन, मामांचा आजार, ज्यावर घरी कोणी बोलत नाही. ज्या घरात एखाद्याला बायपोलर आजार असतो, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी उन्माद, तिथं पुढच्या पिढीत डिप्रेशन दिसलं तर डॉक्टर गोळी लिहितानासुद्धा जपून लिहितात, कारण कधी कधी डिप्रेशनचा उपचारच माणसाला दुसऱ्या टोकाला ढकलतो. मामांना नेमकं काय झालं होतं ते आईला विचार. फोनवर सांगणार नाही ती कदाचित, पण 'डॉक्टरांना हवंय' म्हटलंस की सांगेल.

डबीचा याच्याशी संबंध काय, तर असा. या प्रकाराला टीडीसीएस म्हणतात. तुझा पार्टनर जो स्पंज 'फोकससाठी' म्हणून कपाळाच्या डाव्या अंगाला लावतो, त्याच भागावर दवाखान्यात डिप्रेशनच्या पेशंटला करंट देतात. म्हणजे तुम्ही दोघांनी नकळत डिप्रेशनचा एक उपचार सुरू केलात. रोगी कोण, डोस किती, थांबायचं कधी, हे विचारणारं कोणी नाही. साओ पावलोमध्ये डिप्रेशनच्या पेशंटवर याचा मोठा अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला एसिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी, दुसऱ्याला करंट, तिसऱ्याला दोन्ही खोटं. करंट गोळीच्या तोडीचा आहे हे काही सिद्ध झालं नाही. आणि करंट घेतलेल्यांपैकी दोघांना नव्यानं मेनिया झाला. तिथं पेशंट निवडून घेतलेले होते, लक्ष ठेवायला माणसं होती, म्हणून ते दोघं ताबडतोब लक्षात आले. तुझ्या रूमवर लक्ष ठेवायला कोण आहे? तूच. आणि ज्याची लहर चढलीय त्याला ती चढलीय हे कळत नाही, या आजारात अडचण होते ती नेमकी इथेच.

डबीमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. परीक्षेचा ताण, जागरणं, अर्ध्यात सोडलेल्या गोळ्या, घराण्यातला आजार, यातलं कुठलंही एकटं पुरेसं असतं. डबीनं त्यात किती भर घातली ते कुणीच सांगू शकणार नाही. पण ती बंद करायला ते कळायची गरज नाही.

करंट किती जात होता, हे तू लिहिलेलं नाहीस. तुला माहीतच नसणार, कारण डबीला मीटर नाही. दवाखान्यात साधारण १ ते २ मिलीअँपिअर देतात, बहुतेकदा वीस-तीस मिनिटं, आणि मशीन तो आकडा शेवटपर्यंत धरून ठेवतं. पार्टनरला एवढंच विचार की, तुझ्या डबीत करंट स्थिर ठेवणारा भाग कुठाय? नुसता रेझिस्टर असेल तर डिप्लोमावाल्याला हे गणित मी शिकवायला नको. समजा, रेझिस्टर एक किलोओहमचा आहे आणि सुरुवातीला स्पंज-कातडी मिळून दहा किलोओहम. नऊ भागिले अकरा, म्हणजे जेमतेम ०.८ मिलीअँपिअर. दहा मिनिटांनी कातडी भिजून मऊ पडली, अडथळा तीनवर आला. नऊ भागिले चार, सव्वादोन. जखमेच्या जागी कातडी फाटलेली, तिथं अडथळा आणखी कमी, आकडा तीनच्या घरात. नॉबला कुणी हात लावला नाही आणि डोस चौपट झाला. त्यात वेळ तू स्वतः वाढवलास. म्हणजे पहिल्या आठवड्यात तू जे घेत होतास आणि आता जे घेतोयस, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकडा चुकला की काय होतं, याची एक जुनी नोंद आहे. १९६४ सालची, ब्रिटनमधली. लिपोल्ड आणि रेडफर्न हे दोघं निरोगी माणसांच्या कपाळावर अगदी बारीक करंट देऊन बघत होते, परतीची तार पायाला. एका माणसाला ठरल्यापेक्षा बहुधा दहापट करंट गेला, ०.३ च्या जागी ३ मिलीअँपिअर. त्याचा श्वास अडला, हालचाल थांबली, हात आखडले, मळमळलं. शुद्ध गेली नाही, सगळं कळत होतं त्याला. करंट बंद करताच श्वास सुरू झाला, पण पुढे दिवसभर त्याला धड विचार करता येत नव्हता. तुझ्यासारखे दोन्ही स्पंज डोक्यावर असताना असं होईल असं नाही. तार पायाला असल्यामुळे करंट मेंदूच्या बुडाशी असलेल्या, श्वास चालवणाऱ्या भागातून गेला, असं मानतात. पण व्हिडिओ बघून दुसरा स्पंज दंडावर, मानेवर, पाठीवर लावणारी पोरं आहेत, म्हणून सांगितलं. मशीन बनवणारे हात कुशल होते, समोर डॉक्टर होता, तरी दशांश चिन्ह एक घर सरकलंच.

कपाळाकडे येते. तो डाग भाजल्याचा आहे, पण आगीनं भाजल्यासारखा नव्हे. डीसी करंट धातूतून खाऱ्या पाण्यात शिरला की धन टोकाशी आम्ल तयार होतं आणि ऋण टोकाशी अल्कली. शाळेत पाण्याचं विघटन केलं होतंस ना, तेच. जाड, ओला स्पंज हे सगळं धरून ठेवतो, कातडीपर्यंत पोचू देत नाही. भांडी घासायचा स्पंज पातळ, त्यात डोक्यावर पंखा. वीस-पंचवीस मिनिटांत कडा सुकतात, पट्टीचा कोपरा वर येतो, आणि सगळा करंट उरलेल्या एका ओल्या ठिपक्यात गोळा होतो. जखम मधोमध का झाली, ते आता कळलं असेल. चुरचुरणं कमी झालं म्हणजे कातडी सरावली असं तुम्ही समजलात, पण बधिर झालेली कातडीही चुरचुरत नाही. दवाखान्यांतसुद्धा, नळाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांनी, अशा जखमा झाल्याच्या नोंदी आहेत. तुमचं तर सगळंच घरगुती.

डाग जाईल, पण सावकाश. आपल्या रंगाच्या कातडीवर अशा खुणा महिनोन्‌महिने राहतात. जखम साध्या पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, वर व्हॅसलिनचा पातळ हात. खपली काढायची नाही. टूथपेस्ट, हळद, लिंबू, पार्टनरचं कुठलंसं क्रीम, काही नको. पू झाला किंवा कडा लाल होऊन सुजल्या तर त्वचेच्या डॉक्टरकडे. जखम भरल्यावर उन्हात टोपी घाल, नाहीतर डाग आणखी गडद होतो.

डोळ्यांपुढची चमक भयंकर नाही. करंट एकदम तुटला की त्याचा धक्का डोळ्याच्या पडद्याला बसतो. चांगली मशीनं करंट तीसेक सेकंद हळूहळू चढवतात आणि तसाच उतरवतात, तुम्ही बॅटरीची टोपी उपटता.

आणि तो तेहतीस हजार सेशनचा पेपर. आहे, खरा आहे, २०१६ चा. पण पार्टनरनं आकडा वाचला आणि त्याच वाक्यातली आधीची अट गाळली. प्रत्येक वेळी चाळीस मिनिटांच्या आत, चार मिलीअँपिअरच्या आत, ठरलेल्या पद्धतीनं मोजून-मापून दिलेली ती सेशन आहेत, माणसं साधारण हजार. त्यांत गंभीर इजा झाल्याची नोंद नाही, असं तो पेपर म्हणतो. दिवसातून दोनदा पाऊण तास, मीटर नाही, गोळ्या अर्ध्यात सोडलेल्या, मामांचा इतिहास माहीत नाही, असा एकही माणूस त्या हजारात बसत नाही. त्याच वर्षी या विषयात आयुष्य घालवलेल्या ३९ संशोधकांनी घरी डबी वापरणाऱ्यांसाठी सह्या करून एक उघडं पत्र काढलं. गंमत म्हणजे त्यांनी 'करू नका' असा दम दिला नाही. आम्हाला काय माहीत नाही ते तुम्हालाही माहीत असू दे, असा त्याचा सूर होता. करंट फक्त स्पंजाखालच्या भागात राहत नाही. परिणाम किती दिवस टिकतो ते सांगता येत नाही. त्या वेळी तू काय करत होतास, वाचत होतास की रील्स बघत होतास, यावरही परिणाम बदलतो. आणि तोच करंट, तीच जागा, तरी एका माणसात जे वाढतं ते दुसऱ्यात घटू शकतं.

जास्त दिलं म्हणजे जास्त मिळतं, हेही इथे चालत नाही. या करंटच्या संशोधनाचं नवं पर्व सुरू झालं ते जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये. २००० साली निचे आणि पॉलुस यांनी दाखवलं की, हात हलवणाऱ्या मेंदूच्या भागावर धन टोक ठेवलं तर तो भाग चटकन प्रतिसाद देतो, ऋण ठेवलं तर मंदावतो. इतकं सुटसुटीत होतं की सगळ्यांना आवडलं. पुढे २०१३ मध्ये कळलं की, ऋण टोकानंच २ मिलीअँपिअर वीस मिनिटं दिले तर परिणाम उलटा होतो, तो भाग मंदावण्याऐवजी तेज होतो. डोस दुप्पट केला आणि गाडी उलट्या दिशेला.

अभ्यासाचं विचारशील, तर त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये युकुलानो आणि कोहेन कडोश यांनी केलेला प्रयोग तुला माझ्यापेक्षा जास्त लागू पडेल. तरुण मुलांना आकड्यांच्या जागी बनावट चिन्हं शिकवली, सहा दिवस. काहींना डोक्याच्या मागच्या-वरच्या भागावर करंट दिला, ती चिन्हं भराभर शिकली, पण शिकलेलं आपोआप वापरण्यात कमी पडली. काहींना कपाळामागच्या भागावर दिला, म्हणजे तुझा स्पंज असतो त्या भागात, त्यांचं नेमकं उलट. शिकणं मंदावलं, जे शिकलं ते आपोआप वापरणं सुधारलं. एका खिशातून काढून दुसऱ्यात. खेळाडू आणि गेमर लोकांसाठी 'फोकस' या नावानं एक रेडीमेड हेडसेटही निघाला होता. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात निरोगी तरुणांवर तो तपासला, तर काम करताना लागणारी माहिती तेवढ्यापुरती डोक्यात धरून ठेवणारी त्यांची स्मरणशक्ती खालावलेली निघाली. तुझ्या 'रेडीमेड मागवू का'चं उत्तर यात आलं. आणि मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय. तिथं भराभर सुचणं उपयोगाचं नाही, सुचलेल्यातलं काय गाळायचं हे कळावं लागतं. विश्वास नसेल तर एक काम कर. या महिन्यात लिहिलेली तुझी चार उत्तरं आणि ऑगस्टमधली चार, नाव न सांगता क्लासच्या सरांना तपासायला दे. पानं किती वाढली ते तुला दिसेलच, मार्क वाढले का ते बघ.

उपचार म्हणून ही गोष्ट थोतांड आहे असं मात्र म्हणू नकोस. बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकारांच्या सरकारी संस्थेत यावर काम चालतं, स्किझोफ्रेनियात कानांत ऐकू येणाऱ्या आवाजांसाठीही वापरून बघितलंय. डिप्रेशनमध्ये निकाल मिश्र आहेत. जर्मनीतला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, गोळी चालू असलेल्यांना वरून करंट देऊन जास्त फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी पेशंटनं घरी मशीन लावायचं आणि व्हिडिओ कॉलवर देखरेख, असा दहा आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात फायदा दिसला. मशीन ठरावीक, डोस कुलूपबंद, पलीकडे माणूस. कधी काळी तुझ्या डॉक्टरनं हे सुचवलं तर जरूर विचार कर. आज नाही. आज लहर चढलेली असताना तर मुळीच नाही.

आता कामाचं.

या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाला भेट. 'पुढच्या महिन्यात टेस्ट सीरिज संपली की' नाही, याच आठवड्यात. मागच्या वर्षीचे डॉक्टर असतील तर उत्तम, त्यांच्याकडे तुझा कागद आहे. खाजगीचे पैसे नसतील तर ससूनला मनोविकाराची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. जाईपर्यंत बोलायला कोणी हवं वाटलं, किंवा झोप आणखी कमी झाली, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. आणि मध्येच जीव नकोसा वाटला, किंवा दोन रात्री अजिबात डोळा लागला नाही, तर ओपीडीची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा, पार्टनरला बरोबर घे.

डॉक्टरांपुढे डबी लपवू नकोस. तीच बॅगेत घालून ने, रेझिस्टर दाखव, किती वेळ, कुठं, कधीपासून ते कागदावर लिहून ने. हसले तर हसू देत. झोपेचं मात्र नीट सांग. रोज किती वाजता पडलास, किती वाजता उठलास, महिनाभराचं आठवेल तेवढं. फोनमध्ये स्क्रीन बंद-चालू झाल्याचे आकडे असतात, ते बघ. आपली आठवण आपल्याच बाजूनं बोलते, फोन बोलत नाही.

मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या कपाटात असतील, त्या सुरू करू नकोस. हे मुद्दाम वेगळं सांगतेय, कारण पत्र वाचून तुला हेच सुचेल. लहर चढलेली असताना नुसती डिप्रेशनची गोळी म्हणजे आगीत तेल.

झोपेचं आजपासून. अकराला दिवा बंद, फोन पार्टनरच्या कॉटवर, दुपारी तीननंतर चहा नाही. झोप आली नाही तरी अंधारात पडून राहायचं. सुचलेलं उठून लिहायचं नाही, सकाळी उरलं तर लिही. अभ्यासिकेचा रात्रीचा पास असेल तर महिनाभर बंद ठेव.

चाळीस हजारांतले जे उरलेत ते परत भर. क्लासची जाहिरात, कॅमेरा, जागेचा ॲडव्हान्स, जे काही ठरवलं असशील ते डॉक्टरांची भेट होईपर्यंत थांबव. कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. नीट झोपून उठल्यावर, महिन्याभरानंही ती तेवढीच चांगली वाटली, तर बघ.

घरी सांगायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण मामांचं विचारायला आईला फोन करशील तेव्हा विषय निघेलच. सांग. फक्त 'शॉक' हा शब्द वापरू नकोस. आपल्याकडे शॉक म्हटलं की दवाखान्यातली ती दुसरी ट्रीटमेंट डोळ्यांपुढे येते. तिथं भूल देऊन काही सेकंद ८०० मिलीअँपिअरच्या आसपास करंट देतात, ते वेगळं शास्त्र आहे आणि योग्य पेशंटला त्याचा चांगला उपयोग होतो. 'झोप उडालीय, डॉक्टरला दाखवतोय' एवढं आईला पुरे.

राहिला तुझा पार्टनर. पोरगा वाईट नाही, स्वतःच्या हातानं काहीतरी करतो, मला अशी पोरं आवडतात. पण स्वतःच्या कपाळावर प्रयोग करणं निराळं आणि अभ्यासिकेतल्या पोरांना डब्या करून देणं निराळं. त्या दोघांना तो काय विचारून देतोय? कुठल्या गोळ्या चालू आहेत, डोक्याला कधी मार लागला होता का, डोक्यात प्लेट किंवा छातीत पेसमेकर आहे का, घरात कुणाला बायपोलर आहे का? ज्याला लहानपणी फिट यायची, त्याच्या डोक्याला डॉक्टरांना न विचारता कुठलाही करंट लागता कामा नये. या करंटनं फिट येतेच असं नाही, पण मेंदूला चाळवणं हाच ज्याचा उद्देश आहे, ते अशा मुलाला मीटर नसलेल्या डबीतून द्यायचं नाही. त्यात जागरण आलं तर जुनी फिट परत यायला तेवढंही पुरतं. त्याला आज रात्रीच गाठ. डबी परत घे, बॅटरी काढून घे, आणि त्याला अलीकडे अंगाला झटके, हातातून वस्तू निसटणं, मध्येच क्षणभर हरवल्यासारखं होणं, असं काही झालंय का ते विचार. हो म्हणाला, तर डॉक्टरांना विचारेपर्यंत त्यानं बाईक चालवायची नाही, आणि सकाळी तुझ्याबरोबर त्यालाही ससूनला ने. मेंदूविकाराच्या डॉक्टरांचा केसपेपर वेगळा काढावा लागेल.